लिंकनची दुसरी आई

मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला अब्राहम लिंकनची ओळख बहुधा एका पत्रातून झालेली असते. मुलाच्या हेडमास्तरांना एका बापाने लिहिलेले ते पत्र. वसंत बापटांनी ते मराठीत आणले आणि मग ते कुठे कुठे म्हणून पोचले! शाळांच्या व्हरांड्यात, दवाखान्यांत, शिक्षकांच्या निरोप समारंभात. मी बँकेत नोकरीला असताना एका शाखेत साहेबांच्या खुर्चीमागेही ते चौकटीत लटकत असे. कर्ज मागायला आलेली माणसे नंबर लागेपर्यंत ते वाचत बसायची.

गंमत अशी की, लिंकनच्या कागदपत्रांत हे पत्र सापडत नाही. त्याची भाषणे, पत्रे, अगदी दोन ओळींच्या चिठ्ठ्यासुद्धा अभ्यासकांनी वेचून छापल्या आहेत. त्यांत ते नाही. ते त्याने लिहिल्याचा कसलाही पुरावा नाही. पण म्हणून हिरमुसले होण्याचे कारण नाही. लिंकनच्या आयुष्यात मूल वाढवण्याची एक खरीखुरी गोष्ट आहे आणि ती त्या पत्राहून सरस आहे. त्या गोष्टीतल्या बाईला असे पत्र लिहिताच आले नसते, कारण तिला स्वतःची सहीसुद्धा करता येत नव्हती. ती होती लिंकनची सावत्र आई.

सावत्र आई म्हटले की आपल्या मनात काय येते ते वेगळे सांगायला नको. बापाच्या मांडीवर बसायला निघालेल्या ध्रुवाला सुरुचीने खाली उतरवले, ती गोष्ट आपण आजीच्या तोंडून ऐकलेली असते. आई गेलेल्या पोरासाठी आपल्याकडे म्हण आहे ती मावशीची. माय मरो पण मावशी उरो. सावत्र आई उरो, असे कुणी म्हणत नाही. अशा संस्कारात वाढलेल्या माणसाने लिंकनचे बालपण वाचले, तर तो चकितच होतो.

लिंकनचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ चा. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, ओंडक्यांच्या एका खोलीच्या घरात तो जन्मला. वडील टॉमस सुतारकाम आणि शेती करायचे. आई नॅन्सी. दोन वर्षांनी मोठी बहीण. एक धाकटा भाऊ झाला होता, तो तान्हेपणीच गेला. केंटकीत जमिनीच्या मालकीचे कागद म्हणजे सगळा घोळच होता. एकाच जमिनीवर दोघा-तिघांचा हक्क निघायचा आणि कोर्टकचेऱ्या व्हायच्या. या भानगडींना कंटाळून १८१६ च्या डिसेंबरात टॉमसने बिऱ्हाड उचलले आणि ओहायो नदी ओलांडून तो इंडियाना राज्यातल्या जंगलात आला. सात-आठ वर्षांच्या एबच्या हातात कुऱ्हाड आली ती तिथे. पहिला हिवाळा त्या कुटुंबाने तीन बाजूंनी बंद आणि चौथ्या बाजूने उघड्या झोपडीत, समोर रात्रंदिवस आगटी पेटती ठेवून काढला, असे सांगतात.

दोन वर्षांत जरा बस्तान बसते आहे तोच १८१८ च्या पावसाळ्याअखेर त्या वस्तीत एक आजार शिरला. गुरे थरथर कापत मरायची आणि त्यांचे दूध प्यालेली माणसेही त्यांच्यामागोमाग जायची. लोक त्याला दुधाचा आजार म्हणत. जंगलात सावलीला उगवणारी पांढऱ्या फुलांची एक वनस्पती गाईंनी खाल्ली की तिचे विष दुधात उतरते, हे शास्त्राने नीट सिद्ध करायला विसावे शतक उजाडावे लागले. आधी नॅन्सीला मुलीसारखे वाढवणारी मावशी आणि तिचा नवरा गेले. मग ५ ऑक्टोबर १८१८ रोजी नॅन्सी गेली. वय असेल पस्तिशीच्या आतबाहेर. त्या रानात ना डॉक्टर, ना धर्मगुरू. टॉमसने स्वतः फळ्या कापून पेटी केली. त्या फळ्या जोडायच्या लाकडी खुंट्या तासून दिल्या नऊ वर्षांच्या एबने, असे घरच्यांनी पुढे सांगितले. आईच्या शवपेटीच्या खुंट्या तासणारा मुलगा! यापुढे मला काही लिहिता येत नाही.

मागे उरला तो गप्प झालेला बाप, अकरा वर्षांची बहीण, एब आणि नॅन्सीचा मावसभाऊ डेनिस हँक्स. डेनिस एकोणीस वर्षांचा. ज्या मावशीने आणि तिच्या नवऱ्याने त्याला सांभाळले तेही त्याच साथीत गेल्यामुळे तो या घरात आला होता. स्वयंपाक आला त्या पोरीच्या गळ्यात. ती चुलीपाशी बसून रडायची. तिचे मन रमावे म्हणून एब आणि डेनिस रानातून तिला कधी कासव, कधी रॅकूनचे पिलू आणून देत. ही आठवण डेनिसने म्हातारपणी सांगितली. ज्यांचे स्वतःचे मन रमवायला कोणी नव्हते, ती दोन मुले तिसरीची समजूत काढत होती.

असे वर्ष गेले. मग १८१९ च्या अखेरीस टॉमस मुलांना डेनिसच्या भरवशावर ठेवून केंटकीला निघून गेला. कित्येक आठवडे त्याचा पत्ता नव्हता. रानात, थंडीत, मोठ्या माणसाविना राहिलेल्या त्या मुलांच्या मनात काय काय आले असेल? आई गेली ती आलीच नाही. आता बाप गेला, तो तरी येईल का? आजचे बालमानसतज्ज्ञ ज्याला बालपणीचा आघात म्हणतात, तो यापेक्षा वेगळा नसतो. अंगावरचे कपडे फाटले होते, केस वाढून गुंतले होते, पोटाला जेमतेम मिळत होते.

टॉमस गेला होता तो लग्न करायला. एलिझाबेथटाऊन गावात सारा बुश जॉन्स्टन नावाची एक विधवा होती. तिच्याशी त्याची जुनी ओळख होती. तिचा नवरा गावच्या तुरुंगाचा अधिकारी होता. १८१६ साली तो गेला आणि मागे कर्ज व तीन मुले सोडून गेला. तिशी नुकतीच उलटलेली ही बाई एकटीने मुले वाढवत होती. टॉमसने फार आढेवेढे घेतले नाहीत. तुझाही जोडीदार गेला, माझाही गेला, आपण लग्न करू या, असे सरळ विचारले. तिने आपली अडचण सांगितली, की थोडे देणे आहे, ते फेडल्याशिवाय मला गाव सोडता यायचे नाही. टॉमसने यादी घेतली, जाऊन देणी भागवली आणि २ डिसेंबर १८१९ रोजी लग्न झाले. प्रेमाबिमाची भाषा यात कुठे नाही. दोन गरजा एकत्र आल्या एवढेच.

मेहुण्याची चार घोड्यांची गाडी मागून आणून तिने त्यात आपला संसार भरला. अक्रोडाच्या लाकडाचे खणांचे कपाट, टेबल, खुर्च्या, चरखा, भांडी, सुऱ्या-काटे आणि पिसांचे बिछाने. त्या कपाटाची किंमत चाळीस डॉलर होती म्हणे. पुढे टॉमसला ती चैन वाटली आणि त्याने ते विकून टाकायला सांगितले, पण साराने ऐकले नाही. गाडीत तिची तीन मुले होती. एलिझाबेथ, मटिल्डा आणि जॉन. थोरली बारा वर्षांची, बाकी दोघे त्याखालचे. एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. एबच्या बहिणीचे नावही साराच होते. घोटाळा नको म्हणून या लेखात सारा म्हणेन ती ही दुसरी आईच.

गाडी दारात थांबली. दारात म्हणायचे, पण घराला धड दार नव्हते. आत मातीची जमीन होती आणि झोपायला मक्याची वाळकी पाने. समोर उभी दोन मळलेली, बुजलेली मुले. या क्षणी बाई काय करते, यावर पुढची सगळी गोष्ट अवलंबून होती. तिने नवऱ्याशी भांडण काढले असते तरी कुणी तिला नावे ठेवली नसती. मुलांना जवळ घेऊन मी तुमची नवी आई, असे लाडिक बोलली असती तरी ते स्वाभाविक ठरले असते. यांपैकी काहीही केल्याची नोंद नाही. तिने पाणी काढले, साबण काढला आणि त्या दोघांना घासूनपुसून न्हाऊ घातले. केस विंचरले. आपल्या मुलांच्या कपड्यांतले कपडे त्यांना घातले. गाडीतले बिछाने उतरवून त्यांना उबेत निजवले.

मला वाटते, दुःखाने गोठलेल्या मुलाशी बोलायची भाषा हीच असते. त्याला शब्द कळायच्या आधी ऊन पाणी कळते, पोटभर जेवण कळते. आपल्या आयांना हे कुणी शिकवलेले नसते, तरी रडून झोपलेल्या पोराचे तोंड त्या ओल्या फडक्याने पुसतात. साराने तेच केले, फक्त दुसरीच्या मुलांसाठी केले.

मग तिने घराला हात घातला. सुतार असूनही टॉमसने आपल्या घराकडे पाहिले नव्हते. साराने त्याच्याकडून जमिनीवर फळ्या बसवून घेतल्या, दार लावून घेतले, खिडकी करवली, छताला सफेदी दिली. एका खोलीत आता आठ माणसे होती. मुलगे माळ्यावर झोपत. भिंतीत ठोकलेल्या खुंट्यांवर पाय देऊन वर चढायचे. आपली तीन आणि ती दोन असा भेद ताटात आणि अंथरुणात झाला की तो जन्मभर लक्षात राहतो. त्या घरात तो झाला नाही. पुढे कितीतरी लोकांनी त्या कुटुंबाच्या आठवणी खोदून काढल्या. माणसे एकमेकांबद्दल बरेवाईट बोलली, पण सारा सावत्रपणे वागली, असे कुणाच्याही तोंडून निघाले नाही.

एब वाचतो, हे तिच्या लवकर लक्षात आले. घरात पुस्तके बोटावर मोजण्याइतकी. बायबल, इसापच्या गोष्टी आणि आणखी दोन-चार. बाकीची तो मैलोगणती चालत जाऊन मागून आणायचा. वॉशिंग्टनचे एक चरित्र असेच शेजाऱ्याकडून आणले, ते रात्री पावसात भिजले आणि त्याच्या भरपाईसाठी त्याला शेजाऱ्याच्या शेतात दोन-तीन दिवस मक्याची वैरण कापावी लागली. शाळेचे म्हणाल तर सगळे मिळून वर्षभरसुद्धा शिक्षण झाले नाही. आवडलेला मजकूर तो कागद नसला की फळीवर कोळशाने लिहायचा, फळी काळी झाली की तासून पुन्हा लिहायचा.

टॉमसला हे पटत नव्हते. त्याला आपण खलनायक करू नये. आठ वर्षांच्या वयात त्याच्या डोळ्यांदेखत त्याचा बाप मूळ रहिवाशांच्या हल्ल्यात मारला गेला होता आणि त्यानंतर त्याला कुणी न्हाऊ घातले नव्हते. त्याच्या लेखी काम म्हणजे अंगमेहनत. वाचत बसलेला धडधाकट मुलगा म्हणजे आळशी मुलगा. कधी तो एबवर हातही टाकायचा. त्याला मजुरीवर पाठवायचा आणि मजुरीचे पैसे घ्यायचा. एकवीस वर्षांचा होईपर्यंत मुलाची कमाई बापाची, असा तेव्हा कायदाच होता. या बापाच्या आणि मुलाच्या मध्ये सारा उभी राहिली. तिने नवऱ्याशी मोठे वाद घातले नाहीत. मुलगा वाचत असेल तेव्हा त्याला उठवू नका, त्याचे त्याला थांबू द्या, एवढे तिने नवऱ्याच्या गळी उतरवले. अक्षरशत्रू बाई हे करते, याचे मोल फार आहे. पुस्तकात काय आहे ते तिला कळत नव्हते. पुस्तकाशी बसलेल्या मुलाच्या चेहऱ्यावर काय आहे, ते कळत होते.

त्या घरात हसणेही परत आले. एब ताडमाड उंच झाला तेव्हा ती त्याला चिडवायची, की डोके स्वच्छ ठेव, नाहीतर माझे छत मळेल. एकदा ती बाहेर गेल्यावर त्याने काय करावे? चिखलात पाय बुडवलेली लहान पोरे उलटी धरून छतावरून चालवली. सारा घरी येऊन पाहते तो पांढऱ्या छतावर पावलेच पावले! ती पोट धरून हसली. एबने नंतर छत पुन्हा रंगवून दिले. जो मुलगा खुंट्या तासताना गप्प झाला होता, तो आता आईची थट्टा करण्याइतका निर्धास्त झाला होता. मुलाची जखम भरत आली की ते असे खोडकर होते.

आणखी एक आठवण मटिल्डाने सांगितलेली आहे. एब रानात लाकडे तोडायला जाई तेव्हा त्याच्या मागे जायचे नाही, असे तिला आईने बजावले होते. एके दिवशी ती लपतछपत गेली आणि मागून त्याच्या पाठीवर झेपावली. दोघे पडली, कुऱ्हाड तिच्या पायाला लागली आणि रक्त वाहू लागले. एबने फडक्याने पाय बांधला आणि विचारले, आईला काय सांगणार? कुऱ्हाड लागली एवढेच सांगेन, म्हणाली. तेही खोटे नव्हते. पण त्याने तिला सांगितले की सगळेच्या सगळे खरे सांग आणि पुढचे आईवर सोपव. आई ज्या मुलीची सख्खी होती तिला भीती वाटत होती. ज्याची सावत्र होती त्याला आईचा पूर्ण भरवसा होता. हा भरवसा मला या गोष्टीचा गाभा वाटतो.

म्हणजे जखम पुसून गेली का? तसे मात्र नाही. आयुष्य एवढे उदार नसते. १८२८ च्या जानेवारीत त्याची बहीण बाळंतपणात गेली, जेमतेम विशीची. १८३५ साली अॅन रटलेज ही त्याच्या जवळची तरुण मुलगी तापाने गेली, तेव्हा मित्रांना त्याच्या जिवाची काळजी वाटली. १८४१ च्या जानेवारीत तो पुन्हा इतका खचला की मित्राने त्याच्या आसपासचे वस्तरे हलवले. उदासी त्याची जन्माची सोबतीण राहिली. पण दर वेळी तो त्या अंधारातून उठून कामाला लागला. बालपणी एकदा अंधार झाला असताना कुणीतरी दार लावून, दिवा लावून, निजवले होते, ही आठवण माणसाच्या अंगात कुठेतरी राहत असावी. प्रेमाने जखमेचा वण जात नाही. तो वण घेऊन चालण्याचे बळ येते.

याची दुसरी बाजू त्याच्याच घरात होती. १८४२ मध्ये त्याने मेरी टॉडशी लग्न केले. मेरीचीही आई ती सहा वर्षांची असताना गेली होती आणि वर्ष-सव्वा वर्षातच वडिलांनी दुसरे लग्न केले होते. घर मात्र लेक्सिंग्टनमधले श्रीमंत. नोकरचाकर, उत्तम शाळा, फ्रेंचची शिकवणी, काही कमी नव्हते. पण सावत्र आईशी तिचे कधी जुळले नाही आणि आपले बालपण उजाड गेले, हे शल्य तिने आयुष्यभर बाळगले. एकीकडे मोठी हवेली, दुसरीकडे ओंडक्यांची खोली. दोन्हीकडे आई गेलेले मूल. फरक पडला तो घरात आलेल्या बाईने त्या मुलाला कसे जवळ केले, याचा. मेरीवर पुढे ओढवलेली दुःखे पाहता तिला दोष देणे सोपे नाही, आणि तिच्या सावत्र आईलाही नाही. नऊ मुले तिला स्वतःची झाली. प्रत्येकीला साराचे मन आणि तिची सवड मिळत नाही.

१८३१ साली लिंकन घर सोडून स्वतःच्या वाटेने निघाला. दुकानात काम, पोस्टमास्तरकी, जमिनीची मोजणी आणि मग वकिली. बापाशी दुरावा वाढत गेला. १८५१ च्या जानेवारीत टॉमस मरणपंथाला लागल्याचे कळले तेव्हा घरी बाळंतीण बायको आजारी आहे, असे कळवून लिंकन गेला नाही. आता भेटून दोघांना आनंदापेक्षा त्रासच होईल, असेही त्याने लिहिले. बापाच्या अंत्यविधीलाही तो नव्हता. काही जखमा साराच्याही हाताबाहेरच्या होत्या, हे मान्य केले पाहिजे.

पण सारासाठी त्याचा जीव तुटायचा. याचा एक कागदोपत्री पुरावा आहे आणि माझ्यासारख्या बँकेत हयात घालवलेल्या माणसाला तो फार बोलका वाटतो. १८४१ साली लिंकनने २०० डॉलर देऊन आईवडिलांच्या शेतातली चाळीस एकर जमीन विकत घेतली होती, ती अशा अटीवर की दोघांच्या हयातीपर्यंत वहिवाट त्यांचीच राहील. टॉमस गेल्यावर साराचा सख्खा मुलगा जॉन याने ती ३०० डॉलरला विकायचा घाट घातला. त्यातले १०० स्वतः घ्यायचे आणि २०० आईच्या नावाने व्याजाने लावायचे, असा त्याचा बेत. लिंकनने त्याला पत्रात हिशोब मांडून दाखवला. दरसाल दरशेकडा ८ ने दोनशेचे व्याज होते वर्षाला १६ डॉलर. एवढ्यात आईने वर्षभर जगायचे? आईला असे वागवणे तुला चालत असेल, मला चालणार नाही, असे त्याने स्पष्ट कळवले. आईने विधवेचा हक्क असलेली बाकीची जमीन आधीच जॉनला देऊन टाकली आहे, हेही सुनावले.

बँकेत मी असे किती प्रसंग पाहिले! पैसे काढायच्या स्लिपवर अंगठा उठवणारी म्हातारी आणि तिच्या खांद्यावरून आकडा वाचणारा मुलगा. त्या म्हातारीच्या बाजूने आकडेमोड करणारा कुणी असावा, असे फार वाटायचे. साराला तो मिळाला होता, आणि तो सावत्र होता.

स्वतः बाप झाल्यावर लिंकन कसा वागला? चार मुलगे झाले. रॉबर्ट, एडी, विली आणि टॅड. या धाकट्याचे खरे नाव टॉमस. ज्या बापाच्या अंत्यविधीला गेला नाही, त्याचेच नाव त्याने शेवटच्या मुलाला दिले. मुलांवर त्याने कधी बापाचा वरवंटा फिरवला नाही. रविवारी तो विली आणि टॅडला वकिलीच्या ऑफिसात घेऊन जायचा. पोरे पुस्तके ओढायची, दौती सांडायची आणि त्याचा भागीदार विल्यम हर्नडन दातओठ खायचा. लिंकन मान वर करायचा नाही. बाळाची गाडी ओढत हातातले पुस्तक वाचत चालला असता बाळ खाली पडले तरी याच्या ध्यानात आले नाही, ही शेजाऱ्यांची आठवण. मुलांना आईबापांशी बांधून ठेवायला प्रेमाचीच साखळी लागते, असे त्याचे मत मेरीने नोंदवून ठेवले आहे.

लाड जरा जास्तच झाले, हेही खरे. आणि थोरल्या रॉबर्टच्या वाट्याला ते आले नाहीत. तो लहान असताना वकील लिंकन महिनोन् महिने कोर्टाच्या फिरतीवर असायचा. रॉबर्ट आणि त्याच्यात अंतर राहिले ते राहिलेच. एडी १८५० साली चार वर्षांचाही नसताना गेला. विली २० फेब्रुवारी १८६२ रोजी, अकराव्या वर्षी, राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात गेला. त्यानंतर टॅड बापाला सोडून राहिना. त्याचे बोलणे परक्यांना समजत नसे, बारा वर्षांचा झाला तरी त्याला धड वाचता येत नव्हते. स्वतः पुस्तकांसाठी मैलोगणती चाललेल्या बापाने याचा बाऊ केला नाही. शिकेल सावकाश, म्हणाला. यादवी युद्धाचे निरोप येत असताना टॅड त्याच्या मांडीवर झोपून जायचा आणि रात्री तो त्याला उचलून आपल्या बिछान्यावर नेऊन निजवायचा. चाळीस वर्षांपूर्वी पिसांच्या बिछान्यावर निजवलेल्या एका मुलाने हे शिकून घेतले होते.

राष्ट्राध्यक्षपदी निवड झाल्यावर, वॉशिंग्टनला जाण्यापूर्वी, हजार कामे सोडून तो साराला भेटायला गेला. १८६१ च्या जानेवारीची अखेर होती. थंडी कडाक्याची होती. आगगाडीने चार्ल्सटन आणि तिथून घोडागाडीने मटिल्डाचे घर, जिथे सारा तेव्हा राहत होती. बहात्तर वर्षांची आई आणि साऱ्या देशाचा भार खांद्यावर घेऊ घातलेला मुलगा. तो बापाच्या थडग्यावरही जाऊन आला. निघताना साराचा धीर सुटला. याला शत्रू मारतील, हा पुन्हा दिसायचा नाही, असे तिच्या मनाने घेतले होते. त्याने तिची समजूत घातली. पुढच्या चार वर्षांत देशाचे दोन तुकडे होता होता वाचले, चाळीस लाख माणसे गुलामीतून सुटली आणि १४ एप्रिल १८६५ च्या रात्री नाटक पाहताना त्याला गोळी लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. सारा तिकडे खेड्यात वाट पाहत होती ती याच बातमीची.

त्या सप्टेंबरात हर्नडन तिला भेटायला गेला. लिंकनचे चरित्र लिहायचे म्हणून तो आठवणी गोळा करत हिंडत होता. म्हातारीला काही आठवणार नाही, असे त्याला आधी वाटले. पण एबचे नाव काढताच ती बोलू लागली. तो कसा वाचायचा, ऐकलेले तिला कसे पुन्हा पुन्हा सांगायचा, त्याने तिला कधी वेडावाकडा शब्द कसा बोलला नाही आणि सांगितलेले काम कसे टाळले नाही. तिचा स्वतःचा जॉन तोवर मरून गेला होता. आपली दोन मुले, जॉन आणि एब, दोन्ही चांगली होती, असे ती म्हणाली आणि मग एबसारखा मुलगा आपण दुसरा पाहिला नाही, हेही सांगून मोकळी झाली. तिचे आणि त्याचे मन एकाच वळणाचे होते, असे तिला वाटायचे. बोलणे संपल्यावर ती रडली. १८६९ च्या एप्रिलमध्ये ती वारली. लिंकनने शेवटच्या भेटीत दिलेला काळा पोशाख नेसवून तिला पुरले, असे सांगतात.

आज आपल्याकडे एखादे मूल दत्तक येते, कुठे दुसऱ्या लग्नाने घरात येते, कुठे आजी-आजोबांच्या पदरात पडते. महासाथीत १९१८ साली अशी मुले उघडी पडली आणि २०२० नंतरही पडली. या मुलांना नेमके काय द्यायचे, या चिंतेने मोठी माणसे दबून जातात. आपल्याला जमेल का, रक्ताचे नाते नाही, शिक्षण नाही, योग्य शब्द सुचत नाहीत. अशा वेळी मला ती ओंडक्यांची खोली आठवते. साराकडे यातले काहीच नव्हते. तिने पाणी तापवले, जमीन केली, दार बसवले, ताटात भेद केला नाही आणि वाचणाऱ्या मुलाला कुणी उठवू नये याची राखण केली. हे तिने एक दिवस नाही, बारा वर्षे केले.

सुरुचीने मांडी नाकारली म्हणून ध्रुवाला तप करावे लागले आणि त्याला आकाशात अढळ जागा मिळाली. एबला अढळ जागा त्या झोपडीतच मिळाली होती. शाळाशाळांतून लटकणारे ते पत्र खुशाल लटकू दे, त्यात वाईट काही नाही. फक्त ते वाचताना शेजारच्या रिकाम्या भिंतीवर मला दुसरी एक चौकट दिसते. तिच्यात मजकूर नाही. खाली नुसती एका बाईची निशाणी आहे.